भाव ओळखण्याची तपासणी : कर्करोगातून बऱ्या झालेल्या माझ्या मुलाबरोबर

माझ्या मुलाच्या डोक्याच्या मागच्या बाजूला असलेल्या लहान मेंदूत झालेली मेड्युलोब्लास्टोमा या कर्करोगाची गाठ शस्त्रक्रियेने काढली, त्यानंतर किरणोपचार आणि केमोथेरपी झाली, आणि आज तो बरा आहे. हे लिहिता येते याबद्दलची कृतज्ञता माझ्या मनातून कधीच जाणार नाही. मात्र उपचार संपल्यानंतर एक अडचण हळूहळू पुढे आली, जिच्याबद्दल फारसे कोणी बोलत नाही. समोरच्या माणसाच्या चेहऱ्यावर राग आहे, दुःख आहे, भीती आहे की आनंद, हे त्याला त्याच्या वयाच्या इतर मुलांइतक्या सहजपणे आणि तेवढ्याच वेळात ओळखता येत नाही. माणसे तो उत्तम ओळखतो. कोणत्या नर्सचा आवाज कसा होता आणि कोणत्या डॉक्टरांच्या खिशाला कोणते पेन होते, हेसुद्धा त्याला आठवते. अडते ते चेहऱ्यावर क्षणभर उमटून जाणाऱ्या भावापाशी. ही अडचण आमच्या ध्यानात कशी आली, तिची तपासणी कशी झाली आणि तपासणीनंतर आम्ही घरी व शाळेत काय केले, ते मी सविस्तर लिहिते आहे, कारण ज्या पालकांना असाच काही संशय येत असेल त्यांना नेमके काय मागायचे आणि कोणाकडे मागायचे हे कळायला हवे.

मुलगा शाळेत परतला तेव्हा आमचे सगळ्यांचे लक्ष त्याच्या तोल सावरत चालण्याकडे, अक्षराकडे आणि बुडालेल्या अभ्यासाकडे होते. त्याच काळात तो मला दिवसातून अनेकदा एकच प्रश्न विचारू लागला : ‘‘आई, तू रागावली आहेस का?’’ मी कपड्यांच्या घड्या घालत असे, कागदपत्रे वाचत असे किंवा नुसतीच थकून बसलेली असे, आणि रागावण्यासारखे काहीच घडलेले नसे. सुरुवातीला तो आजारपणामुळे घाबरट झाला असेल असे वाटले. पुढे खेळताना त्याचा एक मित्र पडला, गुडघा फुटला, वेदनेने त्या मुलाचे ओठ ताणले गेले, दात दिसू लागले, आणि माझा मुलगा त्याच्याकडे पाहून मोकळेपणाने हसला. त्या मित्राला ते फार लागले. घरी आल्यावर मी शांतपणे विचारले तेव्हा त्याने खरोखर गोंधळून उत्तर दिले, ‘‘पण तो हसत होता ना?’’ त्या उत्तरापाशी मी थांबले. ज्याला दुसऱ्याच्या दुःखाची पर्वा नसते तो असे उत्तर देत नाही. मित्राला लागले आहे हे कळल्यावर त्याच्या डोळ्यांत पाणी आले होते.

आसपासच्या माणसांकडे या सगळ्याची स्पष्टीकरणे तयार होती. आजारपणात लाड झाले, बरोबरीच्या मुलांत मिसळायला मिळाले नाही, घरात मोठ्यांमध्येच राहिला, वगैरे. यांत तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. उपचारांचे महिने मुलांना मैदानापासून आणि वर्गापासून तोडतात, आणि माणसांत वावरण्याचा सराव माणसांत वावरूनच होतो. परंतु त्याच्यासारखाच दीर्घकाळ घरात राहिलेला, दुसऱ्याच आजाराचा एक मुलगा आमच्या ओळखीत होता आणि त्याला असले प्रश्न पडत नव्हते. म्हणून मी एक वही केली. प्रसंग कोणता, समोर कोण होते, त्यांच्या चेहऱ्यावर काय होते आणि याने ते काय समजले, एवढेच तीत लिहीत गेले. स्वतःचे निष्कर्ष लिहायचे टाळले. काही काळाने पाने उलटली तेव्हा एक गोष्ट उघड दिसली : ठळक हसू त्याला नेहमी कळत होते, पण उदास, थकलेला, विचारात पडलेला, असा कोणताही पुसट चेहरा त्याला रागावलेला वाटत होता. आणि लहान मुलांपेक्षा मोठ्या माणसांच्या बाबतीत हे जास्त होत होते.

ही वही घेऊन मी फॉलो-अपला गेले. तोवर प्रत्येक भेटीत एमआरआय, उंची, वजन, हार्मोन्सची तपासणी आणि श्रवणचाचणी यांबद्दल बोलणे होत असे, आणि ते तसेच असायला हवे. गाठ परत आली नाही ना, हा प्रश्न पहिला असतो. मैत्री कशी चालली आहे, हा प्रश्न त्या यादीत नव्हता. तो मी विचारला. डॉक्टरांनी वही वाचली आणि फार नीट समजावून सांगितले. साधारण जोखमीच्या मेड्युलोब्लास्टोमात संपूर्ण मेंदू आणि पाठीच्या कण्याला 23.4 ग्रे (ग्रे हे किरणांची मात्रा मोजण्याचे एकक) आणि गाठीच्या जागेला एकूण 54 ग्रे इतका किरणोपचार देण्याची पद्धत आहे; दररोज 1.8 ग्रे, आठवड्यातून पाच दिवस, असे ते सुमारे सहा आठवडे चालते. हे आम्ही जगलोच होतो, पण त्या आकड्यांचा पुढच्या आयुष्याशी असलेला संबंध तेव्हा प्रथम समजला. किरणांमुळे कर्करोगाच्या पेशी मरतात, त्याबरोबर वाढत्या मेंदूतल्या चेतातंतूंवर तारेवरच्या वेष्टनासारखे असणारे मायलिनचे आवरण तयार करणाऱ्या पेशींनाही इजा होते. मेंदूचे दूरदूरचे भाग एकमेकांना जोडणारे श्वेतद्रव्य त्यामुळे अपेक्षेइतके वाढत नाही आणि माहिती पोहोचायला वेळ लागतो. म्हणूनच अशा मुलांत प्रथम मंदावतो तो विचार करण्याचा वेग, मग लक्ष टिकवणे आणि ऐकलेले-पाहिलेले क्षणभर मनात धरून ठेवणे अवघड जाते. शिकलेले पुसले जात नाही; नवे शिकण्याचा वेग कमी पडतो आणि बरोबरीच्या मुलांपासूनचे अंतर वर्षागणिक दिसू लागते. उपचारांच्या वेळी वय जितके कमी, तितका हा धोका अधिक.

चेहऱ्यावरचा भाव ओळखणे ही याच वेगावर चालणारी गोष्ट आहे. चेहऱ्याची ठेवण ओळखणारा मेंदूच्या तळाकडचा भाग, डोळ्यांची आणि ओठांची हालचाल टिपणारा कानशिलामागचा भाग, त्या हालचालीला भावनेचे वजन देणारा अमिग्डाला, आणि या सगळ्याचा प्रसंगाशी मेळ घालणारा कपाळामागचा भाग, असे सगळे एकाच वेळी काम करतात आणि आपल्याला त्याची जाणीवही होत नाही. त्यात लहान मेंदूचाही वाटा आहे. लहान मेंदू म्हणजे फक्त तोल आणि हालचाल, अशी माझी समजूत होती. परंतु 1998 साली जेरेमी श्माहमन आणि जॅनेट शर्मन यांनी लहान मेंदूच्या आजारांत विचार, भाषा आणि भावना यांवरही परिणाम होतो, हे रुग्णांच्या तपासण्यांतून मांडले आणि त्यानंतर या भागाकडे पाहण्याची दृष्टी बदलली, असे डॉक्टरांनी सांगितले. मेड्युलोब्लास्टोमाच्या शस्त्रक्रियेनंतर साधारण चौथा हिस्सा मुलांचे बोलणे काही आठवडे किंवा महिने थांबते, आणि त्या काळात त्यांचा स्वभावही चिडचिडा किंवा अलिप्त होतो. माझा मुलगाही शस्त्रक्रियेनंतर काही आठवडे बोलला नव्हता. तो मुका काळ आणि आजची ही अडचण यांचा संबंध असू शकतो, हे मला त्या दिवशी कळले.

रक्ताच्या कर्करोगातून बऱ्या झालेल्या मुलांच्या पालकांसाठी इथे एक गोष्ट सांगते. त्या आजारात मेंदूत गाठ नसते, पण कर्करोगाच्या पेशी मेंदूत दडून राहू नयेत म्हणून पाठीच्या कण्यातून औषध दिले जाते, आणि पूर्वी अनेक मुलांना डोक्यावर किरणोपचारही दिले जात. त्यामुळे त्या मुलांच्या बाबतीतही लक्ष आणि वेग यांची चौकशी करण्याला अर्थ आहे. प्रत्येकाला त्रास होतोच असे नाही. कित्येकांना काहीच होत नाही. पण विचारण्यात कमीपणा मानू नये. कर्करोग झालेल्या मुलांच्या मानसिक-सामाजिक काळजीची जी 15 मानके 2015 साली प्रसिद्ध झाली, त्यांत मेंदूवर परिणाम होण्याचा धोका असलेल्या मुलांच्या बौद्धिक क्षमतांवर लक्ष ठेवणे आणि मुलांना इतरांत मिसळण्याची संधी मिळणे, या दोन्हींचा समावेश आहे. म्हणजे आपण मागतो ती चैन नव्हे.

डॉक्टरांनी न्यूरोसायकॉलॉजिस्टकडे, म्हणजे मेंदूच्या कामाची चाचण्यांतून तपासणी करणाऱ्या मानसशास्त्रज्ञाकडे, चिठ्ठी दिली, पण त्याआधी डोळे आणि कान तपासायला पाठवले. मला तेव्हा हा उशीर वाटला; आता मी प्रत्येक पालकाला हेच आधी करायला सांगते. डोक्याच्या मागच्या भागातील शस्त्रक्रियेनंतर बुबुळे थरथरणे किंवा एकाचे दोन दिसणे हे होऊ शकते, आणि ज्याला चेहराच स्थिर दिसत नाही त्याला भाव कसा दिसणार? केमोथेरपीतल्या सिस्प्लॅटिन या औषधाने वरच्या पट्टीतले आवाज ऐकू येणे कमी होते. आपण माणसाचा राग किंवा दुःख चेहऱ्याइतकेच आवाजावरून ओळखतो, तेव्हा कानाने हुकलेले सगळे ओझे डोळ्यांवर पडते. माझ्या मुलाच्या बुबुळांची थरथर अगदी किरकोळ निघाली, पण वरच्या पट्टीतले ऐकणे खरोखर कमी झाले होते. बोलण्यातले शब्द त्याला कळत होते, मात्र त्यांतली काही व्यंजने निसटत होती आणि ती भरून काढताना त्याची दमछाक होत होती.

न्यूरोसायकॉलॉजिस्टकडची तपासणी एका बैठकीत उरकत नाही, आणि उरकू देऊही नये. थकलेल्या मुलाचे गुण त्याच्या थकव्याचे असतात. आमच्या मानसशास्त्रज्ञ बाईंनी सकाळच्या वेळा दिल्या, मध्ये विश्रांती ठेवली, आणि पहिला बराच वेळ नुसते माझ्याशी बोलण्यात घालवला : गरोदरपणापासूनचा इतिहास, आजाराआधी मुलगा कसा होता, मित्र किती होते, भांडण झाले तर काय करायचा. आजाराआधीचा मुलगा कसा होता, हे सांगताना मला बोलणे कठीण झाले. त्यांनी वाट पाहिली. मग माझी वही मागून घेतली आणि तिची प्रत काढून ठेवली.

नंतर बुद्धिमापन, वेग, लक्ष, स्मरण आणि भाषा यांच्या नेहमीच्या चाचण्या झाल्या. चिन्हे पाहून त्यांच्याखाली ठरलेल्या खुणा भरभर उतरवण्याच्या चाचणीत त्याची ओळ अर्ध्यावर राहिली, हे मला काचेपलीकडून दिसत होते. शब्दांचे अर्थ सांगताना मात्र तो खुलला होता. भावांची तपासणी शेवटच्या बैठकीत झाली. ही चाचणी अमेरिकेतील स्टीफन नोविकी आणि मार्शल ड्यूक या मानसशास्त्रज्ञांनी तयार केलेली होती. तिच्यात मोठ्या माणसांची 24 आणि मुलांची 24 छायाचित्रे असतात, भाव चारच असतात, आनंद, दुःख, राग आणि भीती, आणि त्यांतले काही ठळक तर काही पुसट असतात. चित्र सुमारे दोन सेकंद दिसते आणि जाते. मग मुलाने चारांपैकी एक निवडायचे.

दोन सेकंद हा काळ किती छोटा असतो, हे मला त्या काचेमागे उभे राहून कळले. पडदा मला दिसत नव्हता, मुलाचा चेहरा दिसत होता. चित्र आले की तो थोडा पुढे झुकत असे, त्याची नजर खाली, चित्रातल्या ओठांच्या उंचीवर जात असे, आणि ती तिथून वर सरकायला लागली की चित्र नाहीसे झालेले असे. तो क्षणभर रिकाम्या पडद्याकडे पाहत राही आणि मग उत्तर देई. काही वेळा उत्तर देण्याआधी तो स्वतःचे ओठ तसे करून पाहत होता. एकदा त्याने विचारले, ‘‘ताई, परत दाखवता का?’’ बाईंनी हसून, पण नियमाप्रमाणे, नाही सांगितले आणि ‘‘तुला जे वाटले ते सांग, सगळी उत्तरे बरोबर यायलाच हवीत असे काही नाही,’’ असे म्हणून त्याला धीर दिला. त्याचा प्रश्न त्यांनी शब्दशः लिहून घेतला. नंतर त्या म्हणाल्या की गुणांइतकाच तो प्रश्न महत्त्वाचा होता, कारण खऱ्या आयुष्यात कोणी चेहरा परत दाखवत नाही.

चाचणी संपल्यावर त्यांनी आपल्या संग्रहातली वेगळी चित्रे काढली आणि त्याला हवा तेवढा वेळ दिला. ही पायरी कोणत्याही पालकाने आग्रहाने विचारावी अशी आहे. वेळेची अट काढल्यावर त्याची बरीच उत्तरे सुधारली. जी सुधारली नाहीत त्यांतून त्याची पद्धत उलगडली. घाबरलेल्या बाईच्या चित्राला तो ‘आनंदी’ म्हणाला आणि कारण दिले, ‘‘दात दिसतात.’’ भीतीत ओठ आडवे ताणले जातात, दात दिसू शकतात; भीती कळते ती प्रामुख्याने वरच्या भागातून, विस्फारलेल्या डोळ्यांतून आणि वर जाऊन एकमेकींकडे ओढल्या गेलेल्या भुवयांतून. तिकडे त्याची नजर पोहोचतच नव्हती. बाईंनी चित्राचा खालचा अर्धा भाग पांढऱ्या कार्डाने झाकला आणि काही न बोलता थांबल्या. तो बराच वेळ पाहत राहिला आणि म्हणाला, ‘‘अरे, ही घाबरली आहे.’’ त्या कार्डाने मला जेवढे समजले तेवढे कोणत्याही अहवालाने समजले नसते.

अहवालाची बैठक मुलाला सोडून फक्त आम्हा पालकांसाठी होती. मुलांच्या चेहऱ्यांवरचे त्याचे गुण वयाच्या मानाने ठीक होते, मोठ्यांच्या चेहऱ्यांवरचे कमी होते, आणि पुसट भावांत तर बरेच कमी. दुःखाला राग समजणे ही चूक पुन्हा पुन्हा झाली होती, म्हणजे माझ्या वहीत जे होते तेच आकड्यांत आले. बाईंनी 2008 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाबद्दल सांगितले. त्यात मेंदूच्या गाठीतून वाचलेल्या मुलांची तुलना बालसंधिवात असलेल्या मुलांशी केली होती आणि मोठ्यांच्या चेहऱ्यांवरचे भाव ओळखताना पहिल्या गटाच्या चुका जास्त झाल्या होत्या. संधिवाताची मुले निवडण्यामागचा विचार मला फार पटला : त्याही मुलांच्या वाट्याला रुग्णालय, वेदना, बुडालेली शाळा आणि काळजीत असलेले आईवडील येतात, पण मेंदूला इजा नसते. तेव्हा फरक दिसला तर तो निव्वळ लाडांचा किंवा एकटेपणाचा म्हणता येत नाही. ‘‘हा स्वमग्नतेचा प्रकार आहे का?’’ हा माझ्या मनात दडलेला प्रश्न मी विचारला. त्यांनी आजाराआधीचा इतिहास पुन्हा समोर ठेवला. तेव्हा त्याचे मिसळणे, नजरेला नजर देणे, कल्पनेचे खेळ सगळे वयाला धरून होते, आणि मित्र हवेत ही ओढ आजही तेवढीच आहे. वरून दिसणारी अडचण सारखी असली तरी वाट वेगळी आहे, आणि म्हणून निदानाचे नाव घाईने चिकटवू नये, असे त्यांचे मत पडले.

त्याच बैठकीत त्यांनी आणखी एका संशोधनाचा उल्लेख केला, ज्यावर आमचा पुढचा सगळा सराव उभा राहिला. अमिग्डाला निकामी झालेल्या एका स्त्रीला चेहऱ्यावरची भीती ओळखता येत नसे. 2005 साली राल्फ अडॉल्फ्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की ती चेहरा पाहताना आपणहून डोळ्यांकडे पाहतच नव्हती, आणि तिला ‘डोळ्यांकडे पाहा’ असे सांगितले की तिची भीती ओळखण्याची क्षमता इतरांइतकी होत असे. सूचना थांबली की नजर पुन्हा भरकटत असे. माझ्या मुलाला झालेली इजा वेगळ्या जागची आणि वेगळ्या प्रकारची आहे, त्यामुळे तो निष्कर्ष त्याला जसाच्या तसा लावता येणार नाही, हे बाईंनी स्पष्ट केले. परंतु नजर कुठे जाते यावर काम करता येते, आणि ती सूचना एकदाच देऊन भागत नाही, एवढे त्यातून घेण्यासारखे होते.

घरी सुरुवात कशी करायची याचा आराखडा त्यांनीच दिला. चाचणीतली चित्रे घरी वापरायची नाहीत, कारण मग पुढच्या वेळची तपासणी निरुपयोगी होते. भाव ओळखण्याचा सराव देणारे संगणकावरचे खेळ बहुतेक स्वमग्न मुलांसाठी तयार झालेले आहेत. ते वापरायला हरकत नाही, पण त्यांत मिळालेले गुण खऱ्या माणसांपुढे उपयोगी पडतीलच असे धरून चालू नये. आम्ही ते थोडे वापरले आणि सोडले. स्थिर चित्रातला भाव ओळखण्यात तो लवकर तरबेज झाला आणि जेवताना समोर बसलेल्या बाबांचा चेहरा मात्र त्याला तसाच कोड्यात टाकत राहिला.

उपयोग झाला तो दोन गोष्टींचा. एक म्हणजे आवाज बंद करून पाहिलेली दृश्ये. आम्ही दोघे एखादा प्रसंग बिनआवाजाचा पाहायचो, मध्येच थांबवायचो, आणि तो आधी भुवया, मग डोळे, मग ओठ या क्रमाने काय दिसते ते सांगायचा. भावाचे नाव शेवटी. नाव सांगण्याची घाई केली की तो ओठांवरून अंदाज करतो, हे आम्हाला कळून चुकले होते. मग आवाजासह तेच दृश्य पाहायचे आणि पडताळायचे. दुसरी गोष्ट म्हणजे घरातल्या सगळ्यांनी आपल्या मनातले शब्दांत सांगणे. ‘‘मी थकले आहे, तुझ्यावर रागावलेले नाही.’’ ‘‘बाबांना ऑफिसातल्या कामाची काळजी वाटते आहे, म्हणून ते गप्प आहेत.’’ मोठ्या माणसांना हे अवघड जाते. आपण आपले मनातले चेहऱ्यावर सोडून मोकळे होतो आणि समोरच्याने ते ओळखावे अशी अपेक्षा धरतो. माझ्या नवऱ्याला तर ‘मला वाईट वाटते आहे’ हे मोठ्याने म्हणण्याची सवयच नव्हती. त्याने ती मुलासाठी लावून घेतली. माझे ठाम मत असे आहे की या दुसऱ्या गोष्टीचा परिणाम सगळ्या चित्रांच्या सरावापेक्षा जास्त झाला, कारण प्रत्येक वाक्याबरोबर मुलाला खरा चेहरा आणि त्याचे बरोबर उत्तर एकत्र मिळत होते, आणि चुकण्याची भीती नव्हती.

शाळेत बोलायला गेले तेव्हा मी अहवालाचा एकच कागद नेला, मोठा गठ्ठा नेला नाही. वर्गशिक्षिकांना तीन विनंत्या केल्या : नापसंती नजरेने दाखवण्याऐवजी शब्दांत सांगावी, त्याला उजेड शिक्षकांच्या चेहऱ्यावर पडेल अशा पुढच्या जागी बसवावे, आणि मुलांमध्ये काही बिनसले तर ‘तू असे का केलेस’ याआधी ‘तुला काय दिसले’ हे विचारावे. त्यांनी ते मनावर घेतले. शेवटच्या विनंतीचा फायदा वर्गातल्या इतर मुलांनाही झाला, असे त्या मला पुढे म्हणाल्या.

या सगळ्यात एक बाजू उशिरा पुढे आली, ती म्हणजे त्याचा स्वतःचा चेहरा. शस्त्रक्रियेनंतर त्याच्या चेहऱ्याची एक बाजू थोडी कमजोर राहिली आहे आणि एकूणच त्याच्या चेहऱ्यावर भाव कमी उमटतात. तो आनंदात असतो तेव्हाही अनोळखी माणसाला तो कंटाळलेला वाटतो. म्हणजे तो इतरांना चुकीचे वाचतो तसे इतर त्यालाही चुकीचे वाचतात, आणि मैत्री दोन्ही बाजूंनी अडखळते. याबद्दल त्याच्याशी थेट बोलावे असे बाईंनी सुचवले आणि मी आधी कचरले, कारण आरशात पाहून त्याला काय वाटेल याची मला काळजी होती. त्याला ते आधीच माहीत होते. तो म्हणाला, ‘‘म्हणूनच मी ‘मजा आली’ असे मोठ्याने सांगतो.’’ हा उपाय त्याने स्वतः, कोणी न शिकवता काढला होता.

पुढच्या वर्षी झालेल्या फेरतपासणीत मोठ्यांच्या चेहऱ्यांवरचे ठळक भाव तो पुष्कळ अधिक अचूक ओळखू लागला होता. पुसट भावांचे गुण जवळजवळ तिथेच होते, आणि वेगाच्या चाचणीत फरक पडला नव्हता. बाईंनी हे गोड करून सांगितले नाही, याबद्दल मला त्यांचा आदर वाटतो. वेग वाढवण्याची अपेक्षा धरण्यापेक्षा त्याला वेळ मिळवून देणारी वाक्ये शिकवावीत, असे त्यांनी सुचवले, आणि त्यांतले एक वाक्य तो आता नेहमी वापरतो : ‘‘तुला काय वाटते आहे ते मला सांगशील का? मला चेहऱ्यावरून लगेच कळत नाही.’’ काही मुले या प्रश्नाला हसतात. पण ज्या मित्राचा गुडघा फुटला होता तो नीट उत्तर देतो, आणि आता वर्गात तो माझ्या मुलाशेजारीच बसतो.

आता मुलगा किशोरवयाच्या उंबरठ्यावर आहे. या वयात मुलांचे आपापसांतले बोलणे सरळ राहत नाही. टोमणा, लाज, हेवा, खोटे हसू, असे चार मूळ भावांत न बसणारे चेहरे रोज समोर येतात, आणि आतापर्यंत झालेल्या चाचणीत त्यांतले काहीच तपासलेले नाही. म्हणून पुढच्या तपासणीत फक्त डोळ्यांभोवतीचा भाग दाखवून मनातले ओळखायला लावणारी मुलांसाठीची चाचणी आणि आवाजातील भाव ओळखण्याची चाचणी यांचा समावेश करायचा, असे बाईंशी बोलून ठरले आहे. कर्करोगतज्ज्ञांनी त्याच्या फॉलो-अपच्या फाइलमध्ये एमआरआय आणि श्रवणचाचणीच्या तारखांखाली या तपासणीची ओळ आता कायमची लिहून घेतली आहे. मी नवी वही सुरू केली आहे, आणि या वेळी तिच्यात नोंदी तोही करतो.